सही कुणाची, शरीर कुणाचं: दवाखान्यातल्या नीतिमत्तेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरकारी रुग्णालयातला समाजसेवा अधीक्षक म्हणजे केसपेपरच्या खिडकीपासून शवागारापर्यंत कुठूनही हाक येईल असा माणूस. बिल कमी करून द्या, रक्ताची सोय करा, नातेवाइकांना समजवा, डॉक्टर काय म्हणाले ते जरा मराठीत सांगा. त्या टेबलावर मी बरीच वर्षं बसलो. तिथे आणि नंतर फोनवर जे प्रश्न पुन्हापुन्हा आले, ते इथे एकत्र केले आहेत. कायद्याची माहिती सर्वसाधारण आहे. प्रकरण कोर्टाच्या पायरीपर्यंत जाणार असेल तर वकील गाठा.

1. वैद्यकीय नीतिमत्ता म्हणजे डॉक्टरने चांगलं वागावं, एवढंच ना?

तेवढं तर हवंच. पण खरा पेच पडतो तो दोन्ही गोष्टी बरोबर असतात तेव्हा. आयसीयूत खाट एक आणि दारात रुग्ण दोन. किंवा पेशंट म्हणतो घरी जातो, आणि डॉक्टरला दिसतंय की गेला तर वाचणार नाही. शिकवताना चार तत्त्वं सांगतात: रुग्णाच्या निर्णयाचा मान ठेवा, त्याचं भलं करा, त्याला इजा करू नका, आणि आहे ते सगळ्यांना न्यायाने वाटा. ही चारही एकमेकांशी भांडतात, म्हणून तर विचार करावा लागतो.

डॉक्टरांच्या वर्तनाचे लेखी नियमही आहेत. आज लागू आहेत ते 2002 चे. ऑगस्ट 2023 मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने नवे नियम आणले आणि तीन आठवड्यांत स्थगित केले. मला विचाराल तर नियमावली उघडण्याआधी एकच गोष्ट तपासावी: ज्याचं शरीर आहे त्याला कुणी विचारलं का? खालचे बहुतेक प्रश्न फिरूनफिरून तिथेच येतात.

2. ऍडमिट होताना चार-पाच कागदांवर भराभर सह्या घेतात. यालाच संमती म्हणायचं का?

नाही. त्याला सही म्हणायचं.

संमती म्हणजे काय झालंय, काय करणार आहेत, त्यात धोका काय, दुसरा उपाय आहे का, आणि काहीच केलं नाही तर काय होईल, हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगणं आणि त्यानंतर त्याने हो म्हणणं. सही ही फक्त त्या बोलण्याची खूण. बोलणंच झालं नसेल तर ती खूण कशाची?

सर्वोच्च न्यायालयाचा 2008 चा समीरा कोहली निकाल यासाठी माहीत असावा. दिल्लीतली 44 वर्षांची अविवाहित बाई 1995 मध्ये दुर्बिणीतून तपासणी करून घ्यायला गेली. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची सही आणली आणि गर्भाशय, अंडाशय काढून टाकले. डॉक्टरचा हेतू वाईट होता असं न्यायालयाने म्हटलं नाही. पण बाई सज्ञान होती, काही तासांत शुद्धीवर येणार होती, जिवावरचं तातडीचं काही नव्हतं. मग आईच्या सहीला अर्थ नाही. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, हेही तिथेच स्पष्ट झालं. भरपाई 25,000 रुपये मिळाली, त्यावर मी काही बोलत नाही.

आपल्याकडचा फॉर्म कसा असतो ते पाहा. बऱ्याचदा इंग्रजीत, मधली जागा कोरी. ‘मी ........ या शस्त्रक्रियेस’ असं छापलेलं, आणि त्या टिंबांवर नाव नंतर भरतात. एका आजींनी अंगठा उठवला, शाईचं बोट पदराला पुसलं आणि मला विचारलं, ‘भाऊ, कुठला पाय?’ फॉर्म पाहिला तर पायाचं नावच नव्हतं. डावा की उजवा ते सिस्टरने माझ्यासमोर लिहिलं. तुम्हीही कोऱ्या जागेवर सही करू नका. ‘आधी भरा, मग वाचून दाखवा’ म्हणा. दोन मिनिटं जातील, कुणी रागावलं तर रागावू दे.

3. बाईचं ऑपरेशन असेल तर नवऱ्याची सही लागतेच ना?

लागत नाही. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या बाईची संमती तिचीच, लग्न झालेलं असो वा नसो. गर्भपाताच्या कायद्यातही संमती फक्त तिचीच मागितली आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, 20 ते 24 आठवड्यांत ठरावीक कारणांसाठी दोघांचं. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कारणांत अविवाहित स्त्रियांनाही धरलं. तरी ‘मिस्टर आलेत का?’ हा प्रश्न काही थांबत नाही. उद्या कुणी भांडायला येऊ नये म्हणून दवाखाना सही मागतो. ती दवाखान्याची सोय आहे, कायद्याची अट नव्हे.

मात्र सही बाईचीच असली म्हणजे सगळं ठीक, असंही समजू नका. बीडच्या ऊसतोड बायांचं उदाहरण आहे. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत 82 हजारांहून जास्त ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. अंगावर जातंय म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ सांगितलं जायचं. एक दिवस फडात गेलं नाही तर मुकादम खाडा लावणार, उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, आधीच डोक्यावर. सही तिचीच. पण तिच्यापुढे दुसरी वाट कुणी ठेवली होती का? पुढे जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. त्याने आकडे आवरतात. पाळीत आराम मिळायला मुकादमाचा हिशेब बदलावा लागतो.

4. पेशंट बेशुद्ध आहे, सोबत कुणी नाही. मग संमती कुणाची?

जीव वाचवायला लागणारे उपचार संमतीवाचून करता येतात आणि केलेच पाहिजेत. 1989 च्या परमानंद कटारा निकालाने सांगितलंय की जीव वाचवणं आधी, पोलिसांचे सोपस्कार नंतर. सरकारी असो की खासगी, प्रत्येक डॉक्टरवर हे बंधन आहे. ‘पोलीस केस आहे, सिव्हिलला न्या’ हे उत्तर चालत नाही. डिपॉझिटसाठी तातडीचे उपचार अडवणंही चालत नाही. अपघातग्रस्ताला आणून सोडणाऱ्याने घाबरू नये. 2019 च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर अशा मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही.

मात्र ही सवलत फक्त तातडीपुरती. ‘पोट उघडलंच होतं तर तेही करून टाकलं’ हे यात बसत नाही (प्रश्न 2).

5. बाबांना कॅन्सर आहे. डॉक्टरांनी त्यांना सांगू नये असं आम्हाला वाटतं. तशी विनंती करता येते का?

विनंती करता येते आणि बरेच डॉक्टर ती ऐकतातही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आलाय, बहुतेक वेळा जिन्याच्या वळणावर, दबक्या आवाजात, थोरल्या मुलाकडून.

2002 चे नियम म्हणतात की डॉक्टरने आजाराचं गांभीर्य फुगवूही नये आणि लपवूही नये; रुग्णाला, नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्राला त्याची कल्पना द्यावी. या वाक्यरचनेत घरच्यांना सांगून मोकळं व्हायला जागा राहते, आणि तिचा वापर होतो. पण उपचाराला संमती बाबांचीच लागणार असेल तर आजार न सांगता ती घेणार कशी? केमोच्या सलाइनला ताकदीचं सलाइन म्हणत किती दिवस जातील?

एक शेतकरी होते, नगरकडचे. दोन्ही मुलांनी बजावून ठेवलं होतं, ‘आतड्याला सूज आहे’ एवढंच बोलायचं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला खाटेजवळ बोलावलं. म्हणाले, ‘साहेब, किरणांच्या खोलीबाहेर बसवतात. तिथं बाकीच्यांनी सांगितलंय मला सगळं. पोरांना सांगू नका, ती घाबरतील. पण विहिरीचं पाणी दोघांत कसं वाटायचं ते लिहायचं राहिलंय, तेवढा कागद करून द्या.’ मुलं बापाला जपत होती, बाप मुलांना. मधल्या मध्ये विहीर तशीच राहणार होती. दोघांना आत बोलावून एकत्र बसवलं. रडारड झाली, मग कागदही झाला.

म्हणून माझं मत: आधी पेशंटलाच विचारावं, ‘तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? तुमच्याशी बोलू की मुलाशी?’ ‘मुलाशी बोला, मला नको’ असं कुणी स्वतः म्हणालं तर तोही त्याचाच निर्णय, तो पाळावा. मुलाने बापाच्या वतीने परस्पर ठरवणं वेगळं. आणि सगळं एका दमात सांगितलंच पाहिजे असंही नाही. चांगले डॉक्टर दोन-तीन भेटींत सांगतात.

6. माझे रिपोर्ट ऑफिसला, नातेवाइकांना किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर देण्याचा दवाखान्याला हक्क आहे का?

तुमच्या परवानगीशिवाय नाही. अपवाद ठरलेले आहेत: न्यायालयाचा आदेश, कायद्याने कळवावे लागणारे आजार (प्रश्न 15), किंवा दुसऱ्या ठरावीक माणसाला गंभीर धोका (प्रश्न 7). कंपनीने पैसे भरून तपासणी करवली असेल तरी तिला ‘कामाला योग्य की नाही’ एवढं कळणं पुरेसं असतं. साखर किती, पाळी कधी, हे तिला कळायचं कारण नाही.

खरी गळती लहान ठिकाणी होते. वॉर्डात वॉर्डबॉय मामा मोठ्याने हाक मारतो, ‘ते कावीळवाले कुठंयत?’ खाटेच्या पायाशी लटकलेला कागद भेटायला येणारा प्रत्येक जण वाचतो. डॉक्टर दुर्मीळ केसचा फोटो ग्रुपवर टाकतात आणि कोपऱ्यात नाव तसंच राहतं. हे थांबवायला कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही.

7. नवऱ्याला एचआयव्ही आहे आणि तो बायकोला सांगत नाही. डॉक्टरने गप्प बसायचं?

2018 पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यात याचा क्रम दिलाय. आधी नवऱ्याचं समुपदेशन. तरी तो सांगणार नाही असं दिसलं आणि बायकोला खरोखर मोठा धोका असला, तर ‘मी आता सांगणार आहे’ असं त्याला कळवून मगच तिला सांगता येतं. तेही समोरासमोर, तिलाही समुपदेशन करून. फोनवर किंवा सासूमार्फत नाही.

उलट बाजूला अपवाद आहे. बाधित व्यक्ती बाई असेल आणि नवऱ्याला कळल्यावर मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असेल, तर डॉक्टरने सांगायचं नाही. दोन्ही बाजूंना एकच नियम लावला असता तर तो कागदावर छान दिसला असता. घराघरांत काय चालतं हे ठाऊक असलेल्या कुणीतरी हे कलम लिहिलंय. याच कायद्याने एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं आणि नोकरीसाठी ही चाचणी मागणं, दोन्ही बेकायदा ठरवलंय.

8. सतरा वर्षांची मुलगी गरोदर आहे. डॉक्टरकडे नेलं तर पोलिसांत जातं म्हणतात. मग काय करायचं?

डॉक्टरकडेच न्या. भोंदूकडे किंवा मेडिकलवाल्याकडच्या गोळ्यांवर भागवू नका, जीव जातो.

18 वर्षांखालच्या मुलीच्या गर्भपाताला पालकांची लेखी संमती लागते, आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याने डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. याच भीतीने मुली उशिरा येतात. 2022 च्या निकालात (प्रश्न 3) सर्वोच्च न्यायालयाने यातून वाट काढली: मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना माहिती देताना तिचं नाव आणि ओळख सांगायची गरज नाही. हे अजून बऱ्याच डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. तुम्ही सांगा.

9. फाइल मागितली तर ‘ती दवाखान्याची आहे’ म्हणतात. मिळते का?

मूळ फाइल दवाखान्याची, त्यातली माहिती तुमची. लेखी अर्ज करा, पोच घ्या. अर्ज केल्यापासून 72 तासांत प्रती द्याव्या लागतात. डॉक्टरने उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं नोंदी जपायच्या असतात, म्हणून उशीर करू नका.

10. बिल भरल्याशिवाय पेशंट सोडत नाहीत, बॉडीही देत नाहीत. हे चालतं का?

चालत नाही. थकलेलं बिल ही उधारी आहे, ती वसूल करायला दिवाणी मार्ग आहे. माणूस तारण ठेवता येत नाही, मेल्यावर तर नाहीच. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2018 मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली, त्यात हा हक्क स्पष्ट लिहिलाय. त्याच सनदेत औषधं आणि तपासण्या कुठून घ्यायच्या हे रुग्ण ठरवेल असंही आहे, तेव्हा ‘आमच्याच मेडिकलमधून घ्या’ ही सक्ती मानू नका. महाराष्ट्रात 2021 पासून नर्सिंग होमच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आली. दर्शनी भागात दरपत्रक आणि ती सनद शोधा. कॅलेंडरच्या मागे नाहीतर शोभेच्या कुंडीच्या आड असते.

अडवलं तर आवाज चढवू नका. 112 ला फोन करा, आणि बिल मान्य नसल्याचं लिहून द्या. मोडतोड किंवा मारहाण केलीत तर 2010 च्या राज्य कायद्याने तो अजामीनपात्र गुन्हा आहे आणि नुकसानीच्या दुप्पट भरावं लागतं. एकदा काच फुटली की तुमच्या तक्रारीला कुणी विचारत नाही.

11. ‘धर्मादाय’ रुग्णालयात गरिबांना खाटा राखीव असतात म्हणे. आम्हाला तर कुणी सांगितलं नाही.

कुणी आपणहून सांगत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. त्यासाठी एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घ्यायचं, हेही योजनेतच आहे.

रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा. रिसेप्शनवर ‘खाट आहे का’ विचारू नका. ‘समाजसेवक कुठे बसतात’ विचारा आणि अर्ज लेखी द्या. नाही म्हणाले तर नकारही लेखी मागा. त्या कागदावर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाद मागता येते. जमीन, कर, वीज यांत सवलत घेऊन उभ्या राहिलेल्या इमारतीत गरिबाला खाट मागताना लाज वाटावी, हे मला कधी पटलं नाही.

12. डॉक्टरने अमुकच लॅबला पाठवलं. ‘कट’ असतो का?

कधी असतो, कधी लॅब खरंच चांगली असते. बाहेरून सांगता येत नाही. रुग्ण पाठवल्याबद्दल पैसे घेणं-देणं 2002 च्या नियमांत गैरवर्तन आहे, औषध कंपन्यांकडून भेटवस्तू आणि सहली घेण्यावरही 2009 पासून बंदी आहे. राज्याने 2017 मध्ये कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा केला. तो मसुदाच राहिला. तुमच्या हातात एवढंच: ‘दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट चालेल का?’ विचारा. नाही म्हणाले तर कारण विचारा.

13. भावाला मानसिक आजार आहे, तो दवाखान्यात जायला तयार नाही. जबरदस्तीने नेता येतं का?

येतं, पण अटी आहेत. मानसिक आरोग्य कायदा 2017 मध्ये झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. तो आजारी माणसालाही निर्णयक्षम धरून सुरुवात करतो. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल अशी स्थिती असेल, किंवा तो स्वतःची काळजीच घेऊ शकत नसेल, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (त्याच्या वतीने बोलायला ठरलेल्या माणसाच्या) अर्जावर, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून, 30 दिवसांपर्यंत दाखल करता येतं. साखळदंडाने बांधणं आणि भूल न देता शॉक देणं, दोन्हींवर बंदी आहे. बरा असताना त्याने ‘पुन्हा आजारी पडलो तर मला असे उपचार द्या, असे देऊ नका’ हे लिहून ठेवलेलं चालतं. तो बरा असेल त्या दिवसांत हे बोलून घ्या.

14. व्हेंटिलेटर काढायला सांगितलं तर आम्ही आईला मारलं असं होईल का?

नाही. रात्री दोन वाजता आयसीयूबाहेर बसलेल्या माणसाला हे कायद्याच्या भाषेत पटत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी सांगतो.

मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर 1973 मध्ये रुग्णालयातच हल्ला झाला. त्यानंतर त्या जवळपास 42 वर्षं त्याच रुग्णालयात खाटेवर होत्या. त्यांना जाऊ द्यावं अशी याचिका झाली, तेव्हा केईएमच्या सिस्टर्स विरोधात उभ्या राहिल्या. पिढ्या बदलल्या, तरी त्या अरुणाला भरवत आल्या होत्या. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिस्टर्सचं ऐकलं, पण त्याच निकालात कृत्रिम आधार काढून घेण्याची वाटही उघडली. अरुणा 18 मे 2015 ला न्यूमोनियाने गेल्या. दोन्ही बाजू प्रेमापोटीच बोलत होत्या असं मला वाटतं. खुद्द अरुणाला विचारणं मात्र कुणाच्याच हातात नव्हतं.

म्हणून आधी लिहून ठेवायचं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि ‘लिव्हिंग विल’ला, म्हणजे शेवटच्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला, वाट दिली. जानेवारी 2023 मध्ये पद्धत सोपी झाली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे. प्रत्यक्ष वेळ आली की डॉक्टरांची दोन मंडळं एकापाठोपाठ तपासतात आणि आधार काढण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतात. गोव्यात 2024 मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनीच आपलं असं पत्र नोंदवून सुरुवात करून दिली. इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणं मात्र आजही गुन्हाच आहे. फरक असा की इथे आजाराला त्याच्या वाटेने जाऊ देतात. वेदनाशामक, स्वच्छता, तोंड ओलं करणं, जवळ बसणं हे सगळं चालूच राहतं.

लिहिलेलं नसेल तर? तेव्हाही मंडळांची पद्धत आहे, कुटुंबाच्या संमतीने. त्या वेळी ‘आम्हाला काय हवंय’ हे बाजूला ठेवा आणि ‘आई काय म्हणाली असती’ ते आठवा. बहुतेक आया कधीतरी बोललेल्या असतात, शेजारच्या कुणाचं पाहून.

15. साथ आली की सगळ्यांच्या भल्यासाठी एकट्याची मर्जी बाजूला ठेवावीच लागते ना? मग संमती वगैरे कशाला?

कधीकधी ठेवावी लागते. क्षयरोगाची नोंद 2012 पासून सरकारला कळवावी लागते, खासगी डॉक्टरलाही. त्यात रुग्णाची परवानगी विचारत नाहीत. सार्वजनिक आरोग्यात ‘पेशंट’ म्हणजे अख्खं गाव असतं. पण सक्ती किती, किती दिवस, आणि त्या बदल्यात माणसाला काय दिलं, हे विचारावंच लागतं. आपल्याकडे याचा धडा फार जुना आहे.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवीला प्लेगचे रुग्ण डॉ. अकासियो व्हिएगस या गोंयकार डॉक्टरांनी ओळखले. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला. चार कलमांचा. अधिकाऱ्यांना अधिकार आणि संरक्षण, रुग्णाच्या हक्काबद्दल एक ओळ नाही. पुण्यात प्लेग अधिकारी रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोजीर घरात शिरले, माजघर आणि देवघर धुंडाळलं, बायकांना परक्यांसमोर तपासलं, सामान जाळलं. लोक रुग्ण लपवू लागले. प्लेग आवरायला जे हवं होतं, म्हणजे लोकांनी आपणहून कळवणं, तेच बंद पडलं. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

त्याच महिन्यांतल्या आणखी दोन गोष्टी. शास्त्रज्ञ हाफकिनने 10 जानेवारी 1897 ला आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, आणि अनुयायांची भीती जावी म्हणून इस्माइली पंथाचे प्रमुख आगाखान यांनी ती चारचौघांत घेतली. आणि पुण्यात सावित्रीबाई फुले मुलाच्या, डॉ. यशवंतच्या दवाखान्यात रुग्ण आणत राहिल्या, प्लेग होऊन 10 मार्चला गेल्या. एकाच शहरात एकाच रोगासाठी घरात शिरणारे दोघे, आणि दार कुणाला उघडलं गेलं ते बघा.

पुढेही आपण फार शिकलो असं नाही. 1976 मध्ये याच राज्याच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. मार्च 2020 मध्ये डाव्या हाताच्या मागे ‘होम क्वारंटाइन’चा न पुसणारा शिक्का मारत होते. शिक्क्याचा उपयोग होता, नाही म्हणत नाही. पण गाडीत तो हात दिसला म्हणून माणसाला खाली उतरवलं, आणि घरी रेशन कोण पोचवणार ते कुणी सांगितलं नाही. घरात बसवायचं असेल तर घरात खायला आहे का, हे बघणं त्याच हुकुमाचा भाग हवा.

16. मग लस नाकारता येते?

हो. 2 मे 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कुणालाही जबरदस्तीने लस टोचता येत नाही. साथीच्या जोरानुसार रास्त आणि प्रमाणात बंधनं मात्र घालता येतात. मुलांच्या बाबतीत निर्णय पालक घेतात, म्हणून तिथे माझा सूर बदलतो: गोवरची लस न दिल्याचा त्रास बापाला होत नाही, पोराला होतो. सक्ती नको, पण ‘तुमची मर्जी’ म्हणून पुढच्या घरी जाणंही नको. पुन्हा जा, शंका ऐका, लसीनंतर ताप येतो ते आधीच सांगा.

17. शिकाऊ डॉक्टर घोळक्याने येऊन तपासतात, कधी ‘अभ्यासासाठी’ रक्त घेतात. नाही म्हणता येतं?

येतं, आणि नाही म्हटलं म्हणून उपचारांत फरक पडता कामा नये. शिकवणं गरजेचं आहे, नाहीतर पुढचे डॉक्टर येणार कुठून? पण चादर सरकवण्याआधी ‘आजी, ही मुलं बघू का?’ एवढं विचारायला काही लागत नाही. बहुतेक आजी हो म्हणतात, वर ‘नीट शिका रे’ असंही.

संशोधन वेगळं. तिथे नीतिसमितीची मंजुरी, मराठीत माहितीपत्रक आणि लेखी संमती हवी. कधीही माघार घेता येते. 2009-10 मध्ये आंध्र आणि गुजरातमध्ये मुलींना एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरोधी) लस देण्याचा प्रकल्प झाला. तिथे आश्रमशाळांतल्या मुलींसाठी वसतिगृहाच्या वॉर्डन-मुख्याध्यापकांनी सह्या केल्याचं निघालं आणि संसदेच्या समितीने 2013 मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली होती की वाईट, हा तिथला प्रश्नच नव्हता. आईबापांना विचारलं नव्हतं.

18. तक्रार कुठे करायची?

आधी त्याच रुग्णालयात, लेखी. डॉक्टरच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या आहेत. नियम सहा महिन्यांत निकाल म्हणतो, तुम्ही धीर जास्त ठेवा. पैशाच्या भरपाईसाठी ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ते रुग्णालय त्यात येत नाही. आणि हे लक्षात घ्या की उपचार लागू न पडणं म्हणजे हलगर्जीपणा नव्हे. मी पाहिलेल्या निम्म्याहून जास्त तक्रारी उपचारांच्या नव्हत्याच. ‘डॉक्टर आमच्याशी बोलले नाहीत’ ही त्यांची खरी तक्रार होती.

19. मी आशा कार्यकर्ती आहे. गावात विचारतात, ‘ताई, अमक्याच्या घरी रोज का जाता?’ खोटं बोलू का?

खोटं बोलायची वेळ येऊ न देणं बरं. रजिस्टर ओट्यावर उघडं ठेवू नका, गोळ्यांचं पाकीट पारदर्शक पिशवीतून नेऊ नका, सरपंचांनी यादी मागितली तर ‘आकडा देते, नावं नाही’ म्हणा. माहिती कुणाला द्यायची ते तुमच्या वरिष्ठांपर्यंत ठरलेलं आहे, ग्रामपंचायत त्यात नाही.

माझ्या ओळखीच्या एका आशाताईंच्या गावात नवी सून क्षयाच्या गोळ्यांवर होती. सासरी माहीत होतं, गल्लीत नव्हतं. ताई त्या गल्लीतल्या सगळ्या घरांत जाऊ लागल्या. कुणाचं बीपी विचार, कुणाच्या पोराचं वजन कर, काहीच नसेल तिथे नुसतं बसायचं. सहा महिने. ‘सात घरचा चहा पिऊन माझंच पित्त वाढलं,’ असं त्या मला सांगत होत्या.